खाच, सुई आणि चिमूटभर मोरचूद

दिवाळी अंकांत लिहिणारे लोक कोण असतात, हे मला ग्रंथालयातल्या नोकरीमुळे ठाऊक आहे. त्यांचे अंक नोंदवून रॅकवर लावणं हेच माझं काम. त्या रॅकवर आपलाही मजकूर लागावा, असं मला कधी वाटलं नव्हतं. संपादकांनी ‘तुमच्या त्या कार्डांबद्दल लिहा’ असं कळवलं, तेव्हा मी त्यांना माझ्याऐवजी दोन चांगल्या लेखकांची नावं सुचवली. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, की त्या दोघांना कार्डांतलं काही कळत नाही. हे मात्र खरं आहे. तेवढ्या एका हक्कावर लिहितो आहे. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. वाक्य लिहिताना अजूनही कोणीतरी मागे उभं राहून वाचतं आहे, असं वाटत राहतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं आणि जमलं तर कळवावं. चूक कळवणं हा आमच्या कार्डवाल्यांच्या मंडळाचा पहिला नियम होता.

आधी कार्ड म्हणजे काय ते सांगतो. जाड कागदाचं, हाताच्या पंजाएवढं एक कार्ड घ्या. त्याच्या चारही कडांना ओळीने भोकं पाडलेली आहेत. प्रत्येक भोकाला एक अर्थ ठरवून दिलेला. समजा, ग्रंथालयातल्या एकेका लेखाचं एकेक कार्ड आहे. वरच्या कडेचं तिसरं भोक म्हणजे ‘संत्र्यावरचा लेख’, सातवं म्हणजे ‘मराठीत’, अकरावं म्हणजे ‘चित्रांसह’. लेख संत्र्यावरचा असेल तर तिसरं भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. भोकाची खाच होते. नसेल तर भोक तसंच ठेवायचं.

आता पाचशे कार्डांचा गठ्ठा हातात धरा, तिसऱ्या भोकातून स्वेटर विणायची लांब सुई घाला, गठ्ठा उचला आणि हलवा. ज्यांना खाच आहे ती कार्डं सुईवरून सुटून टेबलावर पडतात. बाकीची सुईला लटकून राहतात. पडलेली उचला आणि सातव्या भोकातून सुई घाला. मग अकराव्या. शेवटी जी चार-सहा कार्डं पडतील तेच तुमचं उत्तर. कार्डं कुठल्याही क्रमाने लावायची गरज नाही. वर्णानुक्रम नाही, अनुक्रमणिका नाही. वहीत जे शोधायला अख्खी दुपार जायची, ते सुई चार मिनिटांत देते.

एकदा पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. त्यांना हवं ते आम्ही तीन वेळा सुई घालून काढून दिलं. सात कार्डं टेबलावर पडलेली बघून त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, “पण मशीन कुठे आहे?” मी सुई वर करून दाखवली.

हे सगळं नागपुरात सुरू केलं ते आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल देवघरे सरांनी. परदेशात अशी कार्डं तयार मिळतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपल्याकडे मिळत नव्हती. सरांनी इतवारीतल्या एका छापखान्यातून भोकं पाडून घेतली. खाच कापायला एका निवृत्त एस.टी. कंडक्टरचा तिकीट पंच मागून आणला. सुई त्यांच्या बहिणीची. कोणत्या भोकाचा अर्थ काय याचा आराखडा त्यांनी स्वतः बसवला आणि मग जी गोष्ट केली तिचं मला आजही नवल वाटतं. तो आराखडा त्यांनी सायक्लोस्टाइल करून मागेल त्याला पाठवून दिला.

मागणारे निघाले. कोणी वैद्य, कोणी वकिलाचा कारकून, कोणी बियाण्यांच्या फार्मवरचा नोंदणीदार. प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे भोकांचे अर्थ बदलले. सर म्हणाले, बदला, पण काय बदललं ते कळवा. त्यातून आमचं मंडळ जमलं आणि मंडळाचं ‘सुईपत्र’ निघालं. महिन्याला दोन पानं, जांभळट शाईची. आत सभासदांनी पाठवलेल्या युक्त्या आणि अडचणी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दुपारी ग्रंथालयात अर्धवेळ काम करत होतो, तेव्हा त्या पत्राची जुळवाजुळव सरांनी माझ्याकडे दिली.

युक्ती पाठवायची तर एक छापील चिठ्ठी भरावी लागे. तिच्यात चार रकाने होते. काय केलं, कशासाठी केलं, किती दिवस वापरून पाहिलं आणि कोणाकडून कळलं. या चौथ्या रकान्याबद्दल सर फार कडक होते. “युक्ती कोणाची ते माहीत असलं की पुढचा माणूस थेट त्यालाच जाऊन विचारू शकतो,” ते म्हणत. “नाहीतर मग सगळे प्रश्न तुझ्या-माझ्यापाशीच येऊन अडकतात, भाऊ.”

लोक तो रकाना प्रामाणिकपणे भरत. कन्हानकडच्या खाणीतले एक कारकून मॅंगनीजच्या नमुन्यांची कार्डं ठेवत. काळ्या धुळीने त्यांची कार्डं एकमेकांना चिकटत आणि सुईवरून पडतच नसत. त्यांनी तोंडाला लावायची पावडर कार्डांवर भुरभुरली आणि काम झालं. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘पत्नीकडून. तिला न विचारता.’

वर्ध्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी मुलीसाठी आलेल्या स्थळांची कार्डं केली. शिक्षण, नोकरी, उंची, घर आणि स्वभाव अशी पाच भोकं. पाचही वेळा सुई घातली, तर एकही कार्ड पडलं नाही. त्यांचं रागाचं पत्र आलं, की तुमच्या पद्धतीत काहीतरी दोष आहे. सरांनी कार्डावर एक ओळ लिहून पाठवली. ‘सुई ठीक आहे. एक भोक कमी करून पाहा.’ पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका आली. कोणतं भोक कमी केलं ते त्यांनी कळवलं नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. संपादकांना वाटत असेल की मी गमतीजमती लिहीन. पण ती एक गोष्ट न सांगता बाकीचं सांगितलं, तर चौथा रकाना पुन्हा एकदा रिकामा ठेवल्यासारखं होईल.

या कार्डांत एक मोठी अडचण आहे. भोकाची खाच करता येते, खाचेचं पुन्हा भोक करता येत नाही. चुकीची खाच पडली की सगळं कार्ड नव्याने लिहायचं. त्या उन्हाळ्यात छापखान्याचं भोकं पाडायचं यंत्र बिघडलं. कोरी कार्डं मिळेनात. तेव्हाच मोहाडीहून लीलाताई भुरे यांचं पत्र आलं.

मोहाडी भंडाऱ्याच्या पलीकडे. तिथल्या एका संस्थेच्या लहानशा दवाखान्यात लीलाताई नोंदींचं काम पाहत. त्यांची पेटी म्हणजे आमच्या मंडळाचा अभिमान होता. आजूबाजूच्या गावांत रक्त द्यायला तयार असलेल्या सव्वातीनशे माणसांची कार्डं तिच्यात होती. रक्तगट कोणता, गाव कोणतं, सायकल आहे का, निरोप कुठे द्यायचा. बाळंतपणात एखादी बाई अडली आणि निगेटिव्ह रक्त लागलं, तर त्या सुईने दोन मिनिटांत माणूस शोधत आणि कोणाला तरी सायकलवर पाठवत. निगेटिव्हवाले सव्वातीनशेत अकराच होते.

त्यांनी लिहिलं होतं, की काही कार्डांवर नव्या मदतनीस बाईने चुकीच्या खाचा पाडल्या आहेत. पॉझिटिव्ह माणसांना निगेटिव्हची खाच पडली आहे. कोरी कार्डं नाहीत. खाच बुजवायचा काही उपाय सांगा.

उपाय मला लगेच सुचला, कारण तो आमच्या घरात रोज शिजत होता. आम्ही तांडापेठेतले कोष्टी. वडील हातमागावर लुगडी विणत आणि माय सुताला खळ लावत असे. खळ म्हणजे पीठ शिजवून केलेली पेज. ती लावली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. मी घरातून माय नसताना वाटीभर खळ आणली. पातळ कागदाचा तुकडा तिच्यात भिजवून खाचेवर दोन्ही बाजूंनी डकवला, वाळवला आणि दाभणाने पुन्हा भोक पाडलं. लोखंडासारखं घट्ट बसलं. तीन आठवडे मी सुई घालून पाहिली. एकही तुकडा हलला नाही.

चिठ्ठी भरायला बसलो. तिसऱ्या रकान्यात ‘तीन आठवडे’ लिहिलं. चौथ्यापाशी थांबलो. सुईपत्र वाचणाऱ्यांत डॉक्टर होते, वकील होते, दोन प्रोफेसर होते. कॉलेजात मी वह्या छातीशी धरून बसायचो, कारण हाताला खळीचा आंबूस वास येतो असं मला वाटायचं. मी लिहिलं, ‘स्वतःचा प्रयोग.’ ते दोन शब्द छापून आल्यावर किती छान दिसले, हेही कबूल करतो.

अंक गेला. लीलाताईंचं कार्ड आलं की युक्ती मिळाली, आभार. मग पावसाळा आला आणि बराचसा सरला.

पोळ्याच्या आसपास ग्रंथालयात एक विद्यार्थी मासिकं शोधायला आला. मी सुई घातली, गठ्ठा हलवला. पडलेल्या कार्डांत दोन भलत्याच विषयाची होती. मी ती उचलून कडा पाहिली. डकवलेला तुकडा जागेवर नव्हताच. त्याच्या जागी कुरतडलेली झालर होती आणि पेटीच्या तळाशी चंदेरी कसर सरसरत होती. खळ लावलेली प्रत्येक दुरुस्ती तिने खाल्ली होती. बाकीच्या कागदाला हातसुद्धा लावला नव्हता.

मला आधी आमची पेटी दिसली, आणि लगेच मोहाडीची. तिथे तुकडा गळून पडला असेल, तर पॉझिटिव्ह माणसाचं कार्ड निगेटिव्ह म्हणून पडेल. चुकीचं रक्त चढलं नसतं, कारण चढवण्याआधी ते जुळवून पाहतात. पण चुकीच्या माणसाला दहा मैलांवरून आणायचं, मग तपासायचं, मग दुसऱ्याला शोधायला निघायचं. अडलेल्या बाईकडे तेवढे तास असतात का?

मी तसाच सायकल मारत घरी गेलो. माय अंगणात चुलीवर खळ घोटत होती.

“माय, खळीले कसर लागते काय वं?”

“लागंन नाही त काय! पीठच त हाये ते. खायाचीच चीज.”

“मंग आपल्या सुताले काहून नाही लागत?”

तिने ढवळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. “मोरचूद नाही टाकत काय मी? चिमूटभर. पावसाळ्याच्या दिवसाईत त पाहिजेच. एवढा मोठा झाला या घरात, तो निळा डबा दिसला नाही तुले कधी?”

डबा पाहिलेला होता. लहानपणी त्याला हात लावला म्हणून मार खाल्लेला होता. आतला तो निळा मोरचूद विषारी असतो एवढंच लक्षात राहिलं होतं, कशासाठी असतो ते कधी विचारलं नव्हतं. आणि मी वाटी भरून नेली ती उन्हाळ्यातली, बिनमोरचुदाची खळ होती.

“तोंड काहून असं केलं? कोणाले सांगितली काय खळ?”

मी सगळं सांगितलं. दवाखान्याचंही आणि चौथ्या रकान्याचंही. माय चुलीपाशी वाकली. चुलीतलं लाकूड मागे ओढून म्हणाली, “माह्या नावानं सांगितली असती, त कोणी ना कोणी मले विचाराले आलं असतं. मी सांगून देलं असतं. तू अर्धी कृती नेली न् नाव मात्र पूरं सोताचं लावलं.”

त्यानंतर मी बऱ्याच व्याख्यानांना बसलो आहे. ग्रंथालयशास्त्राची पदविकाही घेतली. देवघरे सरांचा चौथा रकाना कशासाठी आहे, हे याहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी मोहाडीला तार केली. उत्तर आलं नाही. मग सरांपाशी गेलो. माझं बोलणं संपेपर्यंत ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “दुरुस्ती छापू. लिहून आण.” मी लिहून नेली. खळीत मोरचूद घालावा, जुने तुकडे ताबडतोब काढावेत. त्यांनी वाचली आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

“चौथा रकाना?”

मी तिथेच उभ्याने लिहिलं, ‘माझी आई, गयाबाई नंदनवार, सूत खळवणाऱ्या, तांडापेठ. पहिल्या वेळी मी हे लपवलं होतं.’

“लपवलं होतं हे लिहायलाच पाहिजे असं नाही,” सर म्हणाले.

“असू द्या, सर.”

“असू दे मग,” ते म्हणाले आणि अंक छापायला घेतला.

पण छापील दुरुस्ती पोहोचायला आठवडा जाणार होता. रविवारी मी पहाटेची एस.टी. धरली आणि भंडाऱ्याला गाडी बदलून मोहाडीला गेलो. दवाखाना सापडला, लीलाताई नव्हत्या. संस्थेने महिन्यापूर्वी त्यांची बदली दूर चांद्याच्या जंगलाकडच्या एका केंद्रावर केली होती. माझी तार टेबलाच्या खणात न फोडता पडली होती. ती त्यांच्या नावाची होती ना.

तिथे बसलेल्या कारकुनाला मी विचारलं, “कार्डांची पेटी?”

“तो डबा काय? भोकं भोकं असलेला? बाईनं सोबत नेला असंन. आम्ही आता वही ठेवून राहिलो ना भाऊ.”

“पावसाळ्यात कधी रक्ताची काही गडबड झाली होती का?”

तो विचार करू लागला. “हां, एक माणूस फुकटचा आला होता म्हणे. त्याचं रक्त कामात नाही आलं. मंग काय झालं ते काही मले मालूम नाही गा. मी तवा सुट्टीवर होतो.”

डॉक्टर नवीन होते, त्यांना त्या आधीचं काही ठाऊक नव्हतं. एक माणूस फुकट आला होता, एवढं घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो. त्या फुकट माणसाच्या पलीकडे कोणी बाई होती का, तिचं काय झालं, हे मला कळू शकलं नाही. चांद्याकडच्या तीन पत्त्यांवर मी पत्रं पाठवली. दोन परत आली, तिसऱ्याचं काही झालं नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी आहेत, आणि ती बरी गेली. मी त्याच ग्रंथालयात कायम झालो. सुईपत्र दर महिन्याला काढलं. मंडळ वाढलं. आमचा आराखडा कुठे कुठे गेला याचा आम्हालाच पत्ता नसे. कधी एखादं अनोळखी पत्र येई आणि आत आमच्याच भोकांची आमच्यापेक्षा चांगली मांडणी असे. मोरचुदाची खळ सगळीकडे चालली. ती लावलेली आमच्याकडची कार्डं अजून शाबूत आहेत. मंडळातले लोक नागपूरला आले की तांडापेठेत जाऊन मायला भेटत. एक वैद्य तर तिच्याकडून खळीचं प्रमाण वहीत लिहून घेऊन गेले. ती त्यांना आधी विचारायची, “पूरं लिहिलं ना गा? वाचून दाखव.” आणि माझ्याकडे बघायची.

माझ्या हाताखाली जे जे आले, त्यांना मी एक सवय लावली. कुठलीही युक्ती एक पावसाळा काढल्याशिवाय छापायची नाही. ते याला माझा चक्रमपणा समजतात. मोहाडी त्यांना सांगितलेली नव्हती. तशी ती रोज आठवत होती असंही नाही. पण कोणी कार्डांचं कौतुक केलं की हटकून आठवायची. हसता हसता मी तो फुकट आलेला माणूस पाहत असे.

यंदा आमच्या ग्रंथालयात कम्प्युटर आला. सुई, पंच, पेट्या कपाटावर गेल्या. मला वाईट वाटलं नाही. त्याच्या आतही भोकं आणि खाचाच आहेत, फक्त दिसत नाहीत, असं ते मशीन शिकवायला आलेल्या मुलाला मी म्हटलं. तो म्हणाला, तसंच काहीसं आहे. देवघरे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना विचारून सुईपत्राचा शेवटचा अंक काढला. त्यात आजवरच्या निवडक युक्त्या पुन्हा छापल्या, प्रत्येकीखाली ती कोणाची ते नाव. खळीच्या युक्तीखाली मायचं. तो अंक आम्ही सगळ्या जुन्या पत्त्यांवर पाठवला, बंद झालेल्यांवरसुद्धा. मोहाडीचा पत्ता मी स्वतःच्या हाताने लिहिला.

तीन आठवड्यांनी आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं. लीलाताई निवृत्त होऊन मोहाडीलाच परत आल्या होत्या आणि दवाखान्याने अंक त्यांच्या घरी पोचवला होता. त्यांचं पत्र त्यांच्याच शब्दांत देतो.

‘अंक वाचून आनंद झाला आणि लाजही वाटली. तुमच्या युक्तीत मी दुरुस्ती केली होती ती तुम्हाला कळवायची राहिली. बदलीच्या गडबडीत नियम मोडला, माफ करा. तुमच्या चिठ्ठीत तीन आठवडे वापरल्याचं होतं आणि पुढे पावसाळा होता. चौथ्या रकान्यात विचारावं असं कोणाचं नाव नव्हतं. म्हणून कार्डांना हात लावण्याआधी आमच्या गल्लीतल्या सुभद्राबाई कोष्टीण यांना विचारलं. त्यांनी मोरचूद सांगितला. आमचा एकही तुकडा निघाला नाही. चुकीच्या कार्डावरून कधी कोणाला बोलावलं गेलं नाही. तुम्ही तेव्हा इथे येऊन चौकशी करून गेलात, हे अंक आणून देणाऱ्या कारकुनाकडून आता कळलं. एक गृहस्थ आले होते खरे, पण ते गावात निरोप ऐकून आपणहून आले होते. ते पोचले तेव्हा योग्य माणसाचं रक्त घेऊन झालेलं होतं. ती अडलेली बाई आणि तिला झालेली मुलगी दोघी सुखरूप घरी गेल्या. ती मुलगी आता इथल्या शाळेत शिकते.

‘तेव्हा तुमची चिठ्ठी वाचून दाखवली, तर सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, हा लिहिणारा कोष्ट्याच्या घरचा नाही, असता तर मोरचूद इसरला नसता. आता शेवटच्या अंकात तुमच्या आईंचं नाव पाहिलं, म्हणून मुद्दाम जाऊन त्यांना सांगितलं, की तो मुलगा कोष्ट्याचाच होता. त्या फार म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी उलट मलाच विचारलं, “मंग इसरला काहून?” तुम्ही कळवाल तर त्यांना सांगेन.’